पडत्या बाजारात हाताशी रोकड किती ठेवावी?

नागपूरजवळच्या काटोल-नरखेडकडचा बागायतदार संत्र्याला ताण किती दिवस द्यायचा, म्हणजे बहरासाठी पाणी किती दिवस तोडायचे, हे जमिनीच्या मगदुरावरून ठरवतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक. रोकडीचे प्रमाणही शेअर बाजाराच्या निर्देशांकावरून न ठरवता आपल्या उत्पन्नाच्या आणि येऊ घातलेल्या खर्चाच्या मगदुरावरून ठरवावे.

प्रथम खर्चाची रोकड वेगळी काढावी. समजा, नागपूरच्या मनीषनगरातील एका नोकरदार कुटुंबाचा मासिक खर्च कर्जाच्या हप्त्यासह ४०,००० रुपये आहे आणि येत्या जूनमध्ये मुलीच्या महाविद्यालयाचे २ लाख रुपये भरायचे आहेत. सहा महिन्यांचे २,४०,००० आणि शुल्काचे २ लाख, असे ४,४०,००० रुपये मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवणारा, पैसे लगेच काढता येणारा म्युच्युअल फंड) ठेवावेत. इतवारीच्या बाजारपेठेत दुकान असणाऱ्याने सहाऐवजी बारा महिन्यांचा खर्च धरावा, कारण मंदीत शेअर आणि गल्ला दोन्ही एकदमच आटू शकतात. समभाग कितीही स्वस्त झाले तरी या रकमेला हात लावू नये.

संधीची रोकड ही निराळी. दहा लाखांच्या गुंतवणुकीमागे दीड लाख रुपये माझ्या मते पुरेसे आहेत. निफ्टी आपल्या उच्चांकापासून १०, २० आणि ३० टक्के खाली आल्यावर प्रत्येकी ५०,००० रुपये गुंतवायचे, असे बाजार शांत असतानाच वहीत लिहून ठेवावे. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,४०० च्या आसपास होता आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. या पद्धतीने तिसरा हप्ता ८,६८० च्या सुमारास संपला असता, म्हणजे तळ हुकलाच असता आणि त्यानंतरची घसरण रिकाम्या हाताने पाहावी लागली असती. तरीही नोव्हेंबरमध्ये निर्देशांक जुन्या उच्चांकापलीकडे गेला तेव्हा तिन्ही हप्ते नफ्यात असते. अर्थात, दरवेळी बाजार इतक्या लवकर सावरत नाही. जानेवारी २००८ ची पातळी सेन्सेक्सला पुन्हा गाठायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला.

सगळे विकून तळाची वाट पाहण्याचा मोह मात्र महागात पडतो. १८ मे २००९ रोजी, लोकसभा निकालानंतरच्या पहिल्याच सत्रात, सेन्सेक्स सुमारे १७ टक्के उसळला आणि वरचे सर्किट (वाढीची ठरलेली मर्यादा गाठल्यावर लागणारा थांबा) लागून व्यवहार थांबले. बाहेर उभे असणाऱ्यांना आत शिरायला वेळच मिळाला नाही. शिवाय नफ्यातले समभाग वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के, आणि त्यानंतर विकल्यास सव्वा लाखावरील नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो.

वर्षभरात ठरवलेली पातळी आलीच नाही, तर उरलेली रक्कम लिक्विड फंडातून एसटीपीद्वारे (एका फंडातून दुसऱ्यात ठरावीक काळाने ठरावीक रक्कम वळवण्याची सोय) सहा महिन्यांत समभाग फंडात वळवावी. चालू एसआयपी (फंडात नियमित ठरावीक रक्कम गुंतवण्याची योजना) या काळात बंद करू नये.