ड्युटीवर पेशंटच्या छळाचा संशय आला तर या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घरी आजींना सांभाळायच्या ड्युटीला होते तेव्हाची गोष्ट. आजींना अंघोळ घालताना डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चार निळे डाग दिसले, बोटं रुतल्यासारखे. मी ओल्या हातानंच हॉलमध्ये गेले आणि पाहुण्यांसमोर मुलाला विचारलं, "दादा, हे काय?" संध्याकाळी ड्युटी देणाऱ्या ब्युरोचा फोन आला, उद्यापासून जाऊ नका. ते डाग बघितलेलं बाहेरचं माणूस मी एकटीच होते, आणि मीच घराबाहेर पडले. आजींचं पुढं काय झालं, मला आजही माहीत नाही.

आता मी नव्या मुलींना ड्युटीवर पाठवते. त्यांना पहिलं हेच सांगते की ज्याच्यावर संशय आहे त्याला जाब विचारायचा नाही. आपण पोलीस नाही. आपण बघणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि सुपरवायझरला त्याच दिवशी कळवणाऱ्या.

डाग दिसला की मारलं, असं धरू नका

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर म्हाताऱ्या माणसाला साधं पलंगाच्या कडेला घासलं तरी काळंनिळं पडतं. म्हणून आधी गोळ्यांचा डबा बघा. पण दोन्ही दंडांवर सारखे डाग, कानामागची जखम, किंवा "बाथरूममध्ये पडल्या" असं सांगतात आणि पेशंट तर महिनाभर पलंगावरून उतरलेला नाही, अशा वेळी गोळीवर ढकलू नका. डाग किती दिवसांचा, हे रंगावरून ठरवायला जाऊ नका. ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नाही.

वहीत निकाल लिहू नका

एका मुलीनं वहीत लिहिलं होतं, "सून आजींना छळते." त्याचा कुणालाच उपयोग झाला नाही. तिला मी परत लिहायला लावलं: "सकाळी ८.२०. डायपर रात्रीचाच, गादीपर्यंत ओला. माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा, दाबली तरी लालच. जीभ कोरडी. आजी म्हणाल्या, 'पाणी मागितलं की ओरडतात.'" हे कुणापुढंही ठेवता येतं. पेशंटचे शब्द जसेच्या तसे, वेळ आणि तारीख घालून लिहा. ही वही त्या घरात ठेवायची नाही.

आवाजावरून माणूस ओळखू नका

बाहेरगावच्या मुली इथं हमखास फसतात. कोल्हापुरात "ए म्हातारे, गप जेव की!" म्हणणारा नातू रात्री दोनदा उठून आजीची कूस बदलत असतो. आणि "आई, आई" करत गोड बोलणाऱ्या घरात आजी दिवसभर झोपेच्या गोळीत असते. आवाज सोडा. तो माणूस खोलीत आला की पेशंटचं अंग आखडतं का, ते बघा.

दुर्लक्ष दरवेळी दुष्टपणातून होतं असंही नाही. चार वर्षं एकटीनं करणारी सून थकते. तिला "वहिनी, तुमची झोप होते का?" एवढं विचारलं तरी कधी कधी सगळं बाहेर येतं. तरी सुपरवायझरला कळवायचंच.

शपथ घेऊ नका, फोटो फिरवू नका

"कुणाला सांगू नकोस हं," असं आजी म्हणतात. तेव्हा हो म्हणू नका. "आजी, तुमच्या भल्यासाठी आमच्या मॅडमना सांगावं लागेल, बाकी कुणाला नाही," असं म्हणा. जखमेचा फोटो सुपरवायझरनं मागितला तरच, पेशंटला विचारून काढा. मैत्रिणींच्या ग्रुपवर तो टाकलेला मी बघितलाय. त्या मुलीला परत काम दिलं नाही.

स्टॅम्पपेपरवर सही करू नका

"मावशी, साक्षीदार म्हणून एक सही करा," म्हणतात आणि शेजारी आजोबांचा अंगठा शाईत बुडवलेला असतो. नाही म्हणा आणि कळवा. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. पेशंटला स्वतःला जमत नसेल तर नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थाही त्याच्या वतीनं करू शकते.

जीवावर बेतलं असेल तर सुपरवायझरची वाट बघू नका, ११२ लावा. मारहाणीची ताजी जखम किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुवू नका. पेशंटला आहे त्या अवस्थेत सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि काय दिसलं ते तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घाई नसेल आणि सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

आणि एक आपल्यातलंच. नाकातली नळी ओढतात म्हणून ओढणीनं हात पलंगाला बांधणाऱ्या मुली मला माहीत आहेत. घरच्यांनीच सांगितलं होतं, म्हणतात. डॉक्टरांना न विचारता बांधलेला हात हा सुद्धा अत्याचारच, आणि तोही मी वहीत तसाच लिहिते: वेळ, मनगटावरचा वळ, ओढणीचा रंग.