शाळेचा नकार कागदावर घ्या

मी इंदूरच्या सियागंजात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. तिथला नियम एकच: वहीत नाही ते घडलंच नाही. लेकीला शाळेत घालताना हाच नियम सगळ्यात जास्त कामाला आला. रेवाला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर घेऊन चालते, हळू लिहिते, बोलताना सुरुवातीला अडखळते आणि मग थांबत नाही. सुदामा नगरातल्या ओळखीपाळखीतून फोन येतात, "ताई, तुम्ही कसं केलंत?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

शाळा तोंडावर "नाही" म्हणत नाही. चहा विचारतात, मुलीच्या गालाला हात लावतात आणि म्हणतात, "मॅडम, हमें कोई दिक्कत नहीं, लेकिन आपकी बच्ची के लिए स्पेशल स्कूल बेहतर रहेगा." हे ऐकून तुम्ही बाहेर पडलात की कागदोपत्री तुम्ही त्या शाळेत गेलाच नव्हतात. म्हणून अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. इथे सगळे त्याला रिसीविंग म्हणतात. शिक्का मारायला नकार दिला तर वाद घालू नका. त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, शिवाय शाळेच्या ईमेलवर टाका आणि पोस्टाची पावती फाइलला लावा.

अर्ज हिंदीत लिहा, एका पानाचा. मुलाचं नाव, जन्मतारीख, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), कोणत्या वर्गात प्रवेश हवा, अपंगत्व कोणतं आणि शाळेकडून नेमकं काय लागेल, एवढंच. आपली कर्मकहाणी त्यात घालायची नाही. ती वाचायला कुणाला वेळ नसतो, आणि दयेवर मिळालेला प्रवेश दयेवरच टिकतो. शेवटचं वाक्य मात्र अजिबात गाळू नका: प्रवेश देता येत नसेल तर दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ च्या कलम १६ चा विचार करून कारण लेखी कळवावे. कलम १६ सांगतं की सरकारी पैसा किंवा मान्यता घेणाऱ्या शाळेने अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी. ते लेखी कारण द्यायला सहसा कुणी धजत नाही. बोलण्याचा सूर इथेच बदलतो.

प्रवेशाआधी "छोटासा टेस्ट" घेतो म्हणाले तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ दाखवा. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला मनाई आहे; पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांचंही लक्षात ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग मुलं वंचित गटात येतात, त्यामुळे बीपीएल कार्ड नसलं तरी आपल्याकडे अर्ज भरता येतो. फक्त या जागांची लॉटरी सुरुवातीच्या वर्गांसाठीच असते. चौथीत येऊन आठवण झाली तर उपयोग नाही.

आता प्रमाणपत्र. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज करायचा आणि वैद्यकीय मंडळ कुठे, कोणत्या दिवशी बसतं ते विचारूनच मुलाला न्यायचं. आधार, समग्र आयडी, फोटो आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं की दिव्यांगजन अधिनियमाचं कलम ३१ लागू होतं: ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. मुख्याध्यापकांची नाही. कमी टक्के आले तरी खचू नका. कलम १६ ला ४० टक्क्यांची अट नाही. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक मान्य केला. त्या निकालाची प्रत माझ्या फाइलमध्ये कायम असते.

मराठी घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. शाळा बुद्ध्यांक चाचणीचा रिपोर्ट मागते आणि चाचणी होते हिंदीत किंवा इंग्रजीत. रेवा दिवसभर आजीपाशी, तिचं सगळं जग मराठीत. "चाळणी" म्हटलं तर दाखवेल, "छलनी" म्हटलं तर तुमच्या तोंडाकडे बघेल. असे गुण गेले की रिपोर्टमध्ये लिहिलं जातं: समज कमी. म्हणून आधीच विचारा, मराठीत चाचणी घेणारं कुणी आहे का. नसेल तर घरची भाषा कोणती आणि चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे रिपोर्टवर लिहून घ्या. बिनेट-कामत ही बुद्ध्यांक चाचणी तर कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बसवली होती, आणि इंदूरच्या मराठी पोरांना ती हिंदीत द्यावी लागते! "घरी मराठी बंद करा, पोरगी गोंधळते" असा सल्लाही मिळेल. आम्ही ऐकून घेतला आणि आजींनी गोष्टी सांगणं सुरूच ठेवलं.

शाळा बघायला जाल तेव्हा प्रॉस्पेक्टस नंतर बघा, आधी संडास बघा. दार किती रुंद आहे, कमोड आहे का, धरायला दांडा आहे का, आतून वॉकर वळतो का. मग विचारा की पुढच्या तीन वर्षांचे वर्ग कोणत्या मजल्यावर भरतात. रॅम्प दाखवतील, त्यावर स्वतः चालून बघा. काही रॅम्प फक्त फोटोसाठी असतात, वर गेल्यावर दोन पायऱ्या उरतातच. व्हॅनवाल्याशी तिथेच बोला. विशेष शिक्षक आहेत का, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. २०२१ च्या रजनीश कुमार पांडे निकालात प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरलंय. प्रत्यक्षात काय आहे ते तुम्हाला गेटवरच कळेल.

प्रवेश झाला की खरं काम. वर्गशिक्षिकेशी जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेल करायचं: "आज आपल्या बोलण्यात ठरलं ते असं." खालच्या मजल्यावर वर्ग, दाराजवळची जागा, बाकाची उंची, फळ्याऐवजी छापील नोट्स, लिहायला जास्त वेळ. मोघम लिहू नका. "सहकार्य करावे" याला काही अर्थ नसतो. "गणिताच्या तासाला दहा गणितांऐवजी चार" याला असतो. मदतनीस बाईंचा पगार तुम्ही द्या म्हणाले, तर ती मागणी लेखी द्या म्हणावं. वर्गशिक्षिका चांगल्या असतील तर हे सगळं न लिहिताही होतं, पण त्यांची बदली झाली की कागदच उरतो.

नाहीच ऐकलं तर वर जायचं. आधी मुख्याध्यापकांना पत्र, पंधरा दिवस वाट. मग जिल्हा शिक्षण अधिकारी. पहिली ते आठवीसाठी जिल्हा शिक्षा केंद्राचे डीपीसी, म्हणजे जिल्हा प्रकल्प समन्वयकही. मग मंगळवारची जनसुनावणी, मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत. लवकर जा आणि मुलाला सोबत नेऊ नका, तासन्‌तास बसायला लागतं. १८१ या सीएम हेल्पलाइनवर तक्रार लावली की थोड्या दिवसांनी फोन येतो, "शिकायत बंद करवा दीजिए, काम हो जाएगा." काम झाल्याशिवाय हो म्हणायचं नाही, म्हणजे तक्रार पुढच्या पायरीवर जाते. शेवटी भोपाळचे दिव्यांगजन आयुक्त. त्यांना दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार आहेत आणि त्यांच्या शिफारशीवर तीन महिन्यांत कारवाई करून कळवावं लागतं. खासगी शाळेला आरटीआय थेट लागत नाही, पण शिक्षण खात्याने तुमच्या अर्जावर काय केलं ते विचारता येतं.

"हिला घरीच शिकवा, कायद्यातही आहे" असंही कुणी सुचवेल. घरी शिकण्याचा पर्याय आहे, पण तो तीव्र आणि बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांचा हक्क म्हणून. शाळेची सुटका म्हणून नाही.

सीबीएसई असेल तर नववीच्या नोंदणीआधी प्रमाणपत्र शाळेकडे जमा हवं. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, लेखनिक आणि तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्यावरच मिळतं. लेखनिकाबरोबर आधी सराव करून घ्या. उत्तर तोंडी सांगणं ही वेगळीच सवय आहे.

आमच्याकडे सहावी वरच्या मजल्यावर भरते. वर्ग खाली आणण्याचं पत्र मी फेब्रुवारीतच देते, कारण एप्रिलमध्ये वेळापत्रक लागलं की "अब तो सब फिक्स हो गया मॅडम" हेच उत्तर असतं.