शाळेत चांगल्या वागण्याचा सन्मान कसा करावा

स्नेहसंमेलनात ‘आदर्श विद्यार्थी’ ही ढाल बहुतेक वेळा कोणाला मिळते? ज्याचा पहिला नंबर येतो, ज्याला भाषण पाठ असतं, त्यालाच. त्याचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्याच्या अभ्यासाचं कौतुक आधीच झालेलं असतं. त्याच वर्गात पोषण आहाराच्या वेळी पहिलीच्या मुलांची ताटं लावून मग स्वतः जेवायला बसणारी मुलगी असते. मैदानावरचं भांडण मॉनिटरला न बोलावता मिटवणारा मुलगा असतो. त्यांची नावं वर्षअखेर कोणाला आठवत नाहीत, कारण ती कुठे लिहिलेलीच नसतात. गुणांचा तक्ता असतो, वागण्याचा नसतो. म्हणून या कामाची सुरुवात समारंभापासून न करता वहीपासून करावी.

आधी काय पाहायचं ते ठरवा

परिपाठातली मूल्यं आपल्याला तोंडपाठ आहेत: श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दहा जीवनकौशल्यंही शिक्षकांनी प्रशिक्षणात ऐकलेली असतात. निर्णय घेणं, समस्या सोडवणं, समानुभूती, ताणाशी आणि भावनांशी जुळवून घेणं वगैरे. भिंतीवर दोन्ही याद्या शोभून दिसतात. अडचण एवढीच की ‘संवेदनशीलता’ कोणाला डोळ्यांनी दिसत नाही. दिसते ती कृती. म्हणून प्रत्येक गुण आपल्या शाळेत कसा दिसेल, हे वाक्यात लिहा. ‘चूक झाली तर कोणी विचारण्याआधी येऊन सांगतो.’ ‘राग आला तर बाजूला जातो आणि शांत झाल्यावर बोलायला परत येतो.’ ‘समजलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगतो.’ ‘ऊसतोडीहून परत आलेल्या मैत्रिणीला मागे राहिलेले धडे समजावते.’

अशी चार-पाच वाक्यं वर्षभराला पुरतात. ती मुलांकडूनच काढून घेतलीत तर फार उत्तम. ‘गेल्या आठवड्यात कोणाच्या वागण्याने तुम्हाला बरं वाटलं?’ एवढा एक प्रश्न वर्गात विचारा. आपल्याला सुचली नसती अशी उत्तरं येतात.

बघणारे डोळे वाढवा

वर्गशिक्षकांसमोर मूल जसं वागतं, तसंच ते नळावरच्या रांगेत वागेल असं नाही. खरं वागणं पाहणारी माणसं वेगळी असतात: खिचडी वाढणाऱ्या ताई, शिपाईकाका, व्हॅनचे ड्रायव्हरकाका, ग्रंथालय सांभाळणारे सर. महिन्यातून एकदा त्यांना नुसतं विचारायचं, ‘या महिन्यात कोणाचं काही चांगलं दिसलं का?’ फॉर्म भरायला देऊ नका, तोंडी विचारा आणि आपण लिहून घ्या. मुलांसाठी वर्गात एक पेटी ठेवा. चिठ्ठीत दुसऱ्याबद्दल लिहायचं, स्वतःबद्दल नाही, आणि तक्रार नाही, हे दोन नियम पुरेत.

नोंद कशी लिहावी

सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० साली आलं, तेव्हापासून शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहीतच आहेत. पण कामाच्या ओझ्याखाली त्या तयार यादीतून उतरवल्या जातात. ‘इतरांना मदत करतो.’ हे वाक्य चाळीस मुलांच्या नावापुढे चालतं, म्हणून ते एकाचंही नसतं.

साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, एवढं दोन ओळींत बसतं. उदाहरणार्थ: ‘मधली सुट्टी, मैदान. कबड्डीत पंचाने बाद दिलं नव्हतं. आपला पाय रेषेबाहेर गेला होता, हे स्वतः सांगून बाहेर गेला. संघ हरला. खेळाच्या सरांनी पाहिलं.’ यात प्रामाणिकपणा हा शब्द कुठेही नाही, आणि त्याची गरजही नाही.

पंधरा दिवसांनी वही उलटी वाचा. कोणाच्या नावावर एकही नोंद नाही? ते मूल वाईट वागतं असं नसतं, बहुधा आपण त्याच्याकडे पाहिलेलं नसतं. पुढच्या पंधरवड्यात मुद्दाम पाहा. आणखी एक तपासा. मुलींच्या नोंदी झाडणं, आवरणं, वाढणं यांच्या आणि मुलांच्या नोंदी पुढाकार घेण्याच्या, असं झालंय का? होतं, आणि आपल्या नकळत होतं.

निवड

मतदान घेऊ नका. त्यात लोकप्रियता मोजली जाते. वर्गशिक्षक, दुसरे एक शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक अशा तिघांनी वही समोर ठेवून बसावं आणि नोंद वाचूनच नाव घ्यावं. नंबर लावू नयेत. प्रामाणिकपणात दुसरा क्रमांक म्हणजे काय, हे मुलांना सांगता येणार नाही.

सन्मान करताना

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं चित्रांकडे कमी वळली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकून राहिली. आपल्याला यातून थेट घेण्यासारखं आहे. ‘पाच चांगली कामं करा, बॅज मिळवा’ अशी योजना जाहीर करू नये. रोख रक्कम तर नकोच. आधी कृती घडू द्या, मग ती आपल्या लक्षात आली हे सांगा.

कौतुक कृतीचं करा. ‘तू फार गुणी आहेस’ हे शब्द मुलावर ओझं टाकतात. १९९८ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेल्या मुलांनी अवघड कामात अपयश आल्यावर ते पुढे करत राहण्याची इच्छा कमी दाखवली, आणि आपले गुण सांगताना खोटंही जास्त बोलली. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेल्यांमध्ये हे कमी होतं. तेव्हा प्रशस्तिपत्रकावर छापील विशेषणं नकोत, वहीतली नोंद जशीच्या तशी सुवाच्य अक्षरात उतरवा.

शनिवारच्या परिपाठात दोन-तीन नोंदी वाचल्या तरी चालतं. त्याआधी मुलाला विचारा, ‘सगळ्यांसमोर वाचू का?’ काही मुलांना पुढे येणं नकोसं वाटतं. त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवा. शाळेतून चिठ्ठी आली की काहीतरी तक्रारच असणार, या समजुतीने धसका घेणारे पालक ती वाचून दारात उभे राहतात तेव्हा त्यांचे चेहरे पाहावेत. घरची गरिबी, आजार, वडिलांचं व्यसन यांचा उल्लेख मात्र नोंदीत कधीही येऊ देऊ नका. ‘अशा परिस्थितीतही’ हे शब्द मुलाला वर्गात उघडं पाडतात.

एकदा दिलेला सन्मान पुढे काही चूक झाली म्हणून काढून घ्यायचा नाही. आणि ‘तुला तर पत्रक मिळालंय ना?’ असं कोणत्याही शिक्षकाने ऐकवायचं नाही, हे बैठकीत आधीच ठरवून घ्या.

एखाद्या मुलाने खरोखर असामान्य काही केलं असेल, तर शाळेबाहेरचे मार्गही आहेत. भारतीय बालकल्याण परिषदेने शौर्य पुरस्कार १९५७ साली सुरू केले. प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार ५ ते १८ वयोगटासाठी आहे. त्यात शौर्याबरोबर समाजसेवा आणि पर्यावरण हेही विभाग आहेत. तारीखवार वही असेल तर प्रस्ताव लिहिणं सोपं जातं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगती पत्रकात स्वतःचं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापनही अपेक्षित आहे. पेटीतल्या चिठ्ठ्या तिथे उपयोगी पडतील, म्हणून त्या फेकू नका, वहीतच चिकटवा. वर्षअखेरीला वही पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या आणि ज्यांच्या नोंदी सर्वांत कमी आहेत, ती नावं तोंडी सांगा.