‘स्थळ’ घरच्यांना कसा दाखवावा

“चांगला सिनेमा आहे, पाहा,” असं मी घरी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा “हो, पाहू” म्हणून विषय मिटला. चौथ्यांदा मी फक्त पहिला प्रसंग सांगितला. बाया रांगेनं खुर्च्यांवर बसल्या आहेत, समोर लग्नाचा पोरगा मान खाली घालून बसला आहे, आणि त्या बाया त्याला एकेक प्रश्न विचारताहेत. एवढं बोलून मी गप्प झाले. सासूबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. “मंग? केला का त्यायनं पसंत त्या पोट्ट्याले?”

तुम्हीही एवढंच सांगा. पुढचं सिनेमाला सांगू द्या.

‘स्थळ’ जयंत दिगंबर सोमलकर यांचा. विदर्भातल्या डोंगरगावची सविता बीए करते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरी मात्र एकामागून एक पाहुणे तिला पाहायला येतात. बाप कपाशीवाला. भाव पडलेला आणि हुंड्याचा घोर. पडद्यावर नावाजलेले नट नाहीत, आपल्याच भागातली माणसं आहेत आणि बोलतातही आपल्यासारखीच. २०२३ साली टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे तो मार्च २०२५ मध्ये थिएटरला लागला. पुरस्काराचं मी घरात आधी बोलले नाही, कारण पुरस्कार म्हटलं की संथ आणि रडका सिनेमा असेल असं आमच्याकडे धरून चालतात. नागपूरच्या भाच्याला मात्र तेच पहिल्यांदा सांगितलं. त्यानं त्याच रात्री पाहिला.

‘कॉमेडी’ हा शब्दही जपून वापरा. तो ऐकला की लोक पडापडी आणि टोमणे शोधायला बसतात. इथे कोणी विनोद करायला येत नाही. तोच चहा, त्याच खुर्च्या, मान खाली घातलेली तीच पोरगी आणि तेच प्रश्न: नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्यांदा आपण नुसतं पाहतो. दुसऱ्यांदा ओळखीचं हसू येतं. नंतर हसता हसता आपणही कधीतरी त्या रांगेतल्या खुर्चीवर बसलो होतो हे आठवतं. मी तर समोरच्या पाटावर सात वेळा बसले आहे. एका घरून निरोप आला, पोरगी सावळी आहे. आमच्या आईनं तो मला सांगितला नाही, मला तो मावशीकडून कळला. म्हणून हा सिनेमा माझ्या घरातल्या प्रत्येकानं पाहावा असं मला मनापासून वाटतं.

वेळ नीट निवडा. कपाशीच्या वेचणीत बाया पहाटे उठलेल्या असतात, रात्री आठला डोळे मिटतात. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मजुरीला सुटी असते, म्हणून मी त्या दिवशी दुपारी लावला. मोबाईलवर दाखवू नका, रांगेतले चेहरे एकदम दिसायला हवेत आणि हळू आवाजातलं बोलणं ऐकू यायला हवं. टीव्हीला जोडा, पंखा बारीक करा. कोणी पाठवलेली चोरीची फाईल लावू नका, असे सिनेमे काढणाऱ्यांच्या हातात पैसा थोडाच असतो. चौकात पडदा लावून सगळ्या गावाला दाखवायचा असेल तर निर्मात्यांची परवानगी आधी घ्या.

आणि पुरुषांना बसवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. बायांना यातलं सगळं पाठ आहे. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, गावात कोणाचीही पोरगी पाहायला जायचं म्हटलं की गाडीत पुढे बसणारे. त्यांना मी टीव्हीसमोरची खुर्ची दिली. दोन-तीन पाहुणे येऊन गेल्यावर पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत मामाजीच म्हणाले, “आता उंची विचारते पाय.” सगळे हसले, तेही हसले. त्यानंतर ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

मधे थांबवून समजावू नका. मी जाऊबाईंना दाखवताना ते केलं होतं, दर प्रसंगाला “पाहा, असंच होते ना” म्हणत राहिले. त्या अर्ध्यातून चहा मांडायला उठल्या त्या परत आल्याच नाहीत. संपल्यावरही “कसा वाटला” असं लगेच विचारू नका. थोडा वेळ कोणी काही बोलत नाही, ते तसंच राहू द्या.

आमच्याकडे त्या दिवशी सासूबाई परत शेंगा घेऊन बसल्या. मामाजी ओट्यावर गेले. पुढच्या आठवड्यात पुतणीला पाहायला वणीचे पाहुणे यायचे होते. रात्री जेवण झाल्यावर मामाजींनी दिराला फोन लावला. पाऊसपाणी, कपाशीचा भाव विचारून झाला, आणि मग म्हणाले, “पोरीले इचारलं का रे तुनं?”