थायलंडमध्ये फ्लॅट घेताना पैसे बाट या थाई चलनात पाठवू नका

थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही. काँडोमिनियममधला, म्हणजे स्वतंत्र मालकीच्या फ्लॅट्सच्या नोंदणीकृत इमारतीतला फ्लॅट मात्र घेता येतो. इमारतीतल्या सर्व फ्लॅट्सच्या एकूण क्षेत्रफळापैकी जास्तीत जास्त 49 टक्के परदेशी मालकीचं असू शकतं. म्हणून टोकन देण्याआधी सोसायटीकडून हा परदेशी कोटा शिल्लक असल्याचं पत्र मागा. एजंटच्या तोंडी हमीला काही किंमत नाही.

खरा घोळ होतो पैसे पाठवताना. रक्कम डॉलरसारख्या परकीय चलनात थाई बँकेत पोहोचली पाहिजे आणि तिचे बाट तिथेच व्हायला हवेत. भारतातूनच बाट करून पाठवले, तर बँक परकीय चलन आल्याचा दाखला देत नाही आणि त्याशिवाय लँड ऑफिस (तिथलं मालमत्ता नोंदणी कार्यालय) फ्लॅट नावावर करत नाही. पाठवणाऱ्याचं नाव पासपोर्टप्रमाणे, आणि हेतूच्या रकान्यात फ्लॅट क्रमांकासह 'काँडोमिनियम खरेदी' असं लिहा. दाखला जपून ठेवा, पुढे विक्रीचे पैसे परत आणताना तोच लागतो.

भारतात राहणाऱ्यांना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे. 10 लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, घेते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायला विसरू नका.

थाई माणसाच्या नावावर जमीन घेऊन देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. असा व्यवहार तिथे गुन्हा आहे.