आगाऊपणा म्हणजे नक्की काय, आणि तो शब्द कुठे वापरायचा

मराठी शिकणाऱ्या एकाने मला विचारलं की बुकिंगच्या फॉर्मवर 'आगाऊ रक्कम' लिहिलंय, म्हणजे रक्कम उद्धट आहे का? हसू आलं पण प्रश्न बरोबर होता, कारण शब्द एकच आहे. आगाऊ म्हणजे मुळात पुढचं, वेळेच्या आधीचं. आगाऊ भाडं, आगाऊ सूचना, आगाऊ आरक्षण, यात काहीच वाईट नाही. पण तेच माणसाला लावलं की अर्थ होतो आपली पाळी यायच्या आधी, कोणी विचारलेलं नसताना पुढे पुढे करणारा. म्हणजे वस्तूला लावलं तर ॲडव्हान्स, माणसाला लावलं तर टोमणा. मध्ये लटकणारी उदाहरणं पण आहेत, 'आगाऊ उत्तर' म्हटलं तर आधीच दिलेलं की उर्मट ते मागचंपुढचं वाक्य वाचूनच कळतं.

आता वापरायचं कसं. माझी साधी टेस्ट अशी की, तुला कोणी विचारलं होतं का? नाही, आणि तरी तू बोललास किंवा केलंस, तर तो आगाऊपणा. केलेली गोष्ट चुकीची असायलाच पाहिजे असं नाही हे लक्षात ठेवा, ऑफिसात नवीन आलेल्या पोराने साहेबांना न विचारता क्लायंटला परस्पर मेल टाकला आणि मेल एकदम करेक्ट होता, तरी साहेब म्हणणार "एवढा आगाऊपणा कोणी सांगितला होता?" राग मेलचा नाहीये, जागा सोडून पुढे गेल्याचा आहे.

म्हणूनच हा शब्द वरून खाली जातो. आई पोराला म्हणते "फार आगाऊ झालायस हां", मित्र मित्राला म्हणतो, पण काकांना तोंडावर "तुम्ही आगाऊ आहात" म्हणून बघा, आता आगाऊ तुम्हीच ठरता. मोठ्यांना सांगायचं असेल तर उलटं करून स्वतःवर घ्यायचं, "थोडा आगाऊपणा करतोय, राग मानू नका, पण हे औषध जेवणानंतर घ्यायचं असतं". लहान तोंडी मोठा घास म्हणतात त्यातलाच प्रकार. 'थोडा आगाऊपणा करतोय, राग मानू नका' हे वाक्य फार कामाचं आहे, पाठच करा.

शेजारचे शब्द मिसळू नका. पगार किती, लग्न कधी असं खोदून विचारणं तो भोचकपणा. मोठ्यांना तोडून बोलणं तो उद्धटपणा. वात्रट मध्ये खोडी असते आणि थोडं कौतुकही असतं, चावट मध्ये द्वयर्थी बोलणं येतं. आणि इथे एक गोष्ट मला खटकते, कोणी बाईला नको तिथे हात लावतो आणि लोक म्हणतात "जरा चावट आहे तो". नाही, त्याला विनयभंग म्हणतात, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये येतो, आधी भारतीय दंड संहितेत ३५४ होतं. गुन्ह्याला लाडाचं नाव देऊ नका. तसंच लेखी तक्रार करताना पण आगाऊपणा लिहू नका, ते घरगुती वाटतं, तिथे 'गैरवर्तन' लिहायचं आणि काय केलं ते पुढे स्पष्ट लिहायचं. (गैर अरबीतून आलेला, वर्तन संस्कृत, दोघांचा संसार मस्त चाललाय.)

व्याकरण सोपं आहे. आगाऊ लिंगाप्रमाणे बदलत नाही, आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ कार्टं, चोंबडा-चोंबडी-चोंबडं सारखी कटकट नाही. आगाऊपणा पुल्लिंगी आहे पण घोडा-घोड्याने सारखा वाकत नाही, 'आगाऊपणाने' असंच लिहायचं, 'आगाऊपण्याने' नाही.

स्पेलिंगमध्ये मात्र सगळे मार खातात. 'आगावू' लिहू नका, जाऊ-खाऊ सारखाच शेवटी दीर्घ ऊ आहे, आणि पणा लागला तरी तो दीर्घच राहतो. बोलताना "लई आगाव हाय त्यो" असं ऐकू येतं, ते बोलण्यात एकदम झकास, कॉमेंटमध्ये पण चालेल, फक्त अर्जात नको.