10 एचपीची मोटर सोलरवर घ्यायचीय? आधी मे महिन्यातलं पाणी मोजा

सोलर पंपाच्या डिझाईनमध्ये नवीन आलेली पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, सर 10 एचपीला किती प्लेटा लागतील. शेतकरीही तसंच विचारतो, कारण शेजाऱ्याकडे तेवढ्याची मोटर असते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत 3, 5 आणि 7.5 एचपीचा सेट ठरलेला येतो, तिथं हिशोबाचं फार काम पडत नाही, पण त्याच्या वरचा पंप स्वतःच्या खर्चानं ऑफ-ग्रिड, म्हणजे विजेच्या लाईनशिवाय, बसवायचा म्हटलं की सगळा हिशोब आपल्यालाच करावा लागतो, आणि त्यात एचपी सगळ्यात शेवटी ठरतं.

सांगोल्याकडची डाळिंबाची बाग डोळ्यासमोर धरा. बोअरमधून शेततळ्यात रोज 1 लाख लिटर पाणी टाकायचंय. आता पाणी कितीवर आहे? इथं मालक दिवाळीतली लेव्हल सांगतो, ती घेऊ नका. मे महिन्यात मोटर चालू असताना पाणी कुठं जाऊन थांबतं ते हवं. बोअर तेवढं पाणी देतं का हेही बघायचं, साधी पद्धत म्हणजे 200 लिटरचा बॅरल आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. 6 तासांत 1 लाख लिटर म्हणजे सेकंदाला साधारण 4.6 लिटर, म्हणजे बॅरल 43-44 सेकंदांत भरायला पाहिजे, आणि तेही दोन-तीन तास सलग मोटर चालवल्यावर. पहिल्या पाच मिनिटांचं माप काही कामाचं नाही.

समजा मे मध्ये पाणी 75 मीटरवर, शेततळ्याचा चढ 6 मीटर, झाले 81. आता पाईप. 400 मीटर लाईन 63 एमएमची असेल तर घर्षणात जवळजवळ 20 मीटर जातात, तीच 75 एमएमची केली की 9 मीटर. निव्वळ पाईप बदलून 11 मीटर हेड (चढ आणि घर्षण मिळून पंपाला पेलावी लागणारी उंची) वाचतंय! म्हणून प्लेटा वाढवायच्या आधी पाईप बघा असं मी प्रत्येकाला सांगतो, पाईपचा खर्च एकदाच होतो.

तर 81 आणि 9 मिळून हेड 90 मीटर. पाणी घनमीटरमध्ये घ्या, हेडनं गुणा, 367 नं भागा, युनिट मिळतात. 100 गुणिले 90 भागिले 367 म्हणजे साडेचोवीस. पंप-मोटर मिळून 50 टक्के कार्यक्षमता धरली की 49 युनिट. आपल्याकडे उन्हाळ्यात पूर्ण उन्हाचे साडेपाच तास धरायला हरकत नाही, धूळ, उष्णता, वायर यांचा लॉस काढून 0.75 लावा, म्हणजे 49 ला साडेपाचनं आणि मग 0.75 नं भागा, उत्तर येतं साधारण 12 किलोवॅटच्या प्लेटा. आणि 49 युनिट 6 तासांत म्हणजे तासाला साधारण 8, त्याला मोटर 10 एचपी, ती आत्ता ठरली.

खरी गंमत आता सुरू होते. 540 वॅटच्या 22 प्लेटा, 11-11 च्या दोन स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या प्लेटांच्या ओळी, त्यांचे व्होल्ट बेरजेनं वाढतात), असं कागदावर सुटसुटीत दिसतं पण ते चालणार नाही. 415 व्होल्टची थ्री फेज मोटर पूर्ण वेगानं चालवायला व्हीएफडीला, म्हणजे प्लेटांच्या डीसीचा एसी करून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राईव्हला, साधारण 587 व्होल्ट डीसी लागतात. प्लेटेवर 41.5 व्होल्ट छापलेले असले तरी मे च्या दुपारी ती इतकी तापते की 35-36 च मिळतात. 11 प्लेटांचे 400 सुद्धा होत नाहीत. बरं 17 लावाव्यात, तर प्रत्येकीचं ओपन सर्किट, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, साडेएकोणपन्नास, म्हणजे 841, आणि बऱ्याच व्हीएफडींची मर्यादा 800 ची असते, थंडीतल्या सकाळी ती पार होऊन ड्राईव्ह जळू शकतो. म्हणून 15 च्या दोन स्ट्रिंग. तरीही भर दुपारी 535 च्या आसपासच मिळतात, तेव्हा मोटर 415 ऐवजी 380 व्होल्टच्या वाईंडिंगची मागवा, हे ऑर्डर देतानाच सांगायचं असतं. प्लेटा 16.2 किलोवॅट होतात, 12 पेक्षा बऱ्याच जास्त, आणि माझ्या मते हे पैसे वाया जात नाहीत.

का ते सांगतो. व्हीएफडी ऊन कमी असताना मोटर हळू फिरवतो, आणि पंपाचं हेड वेगाच्या वर्गानं कमी होतं. पंपाचं बंद वॉल्व्हचं हेड, म्हणजे 50 हर्ट्झच्या पूर्ण वेगात वॉल्व्ह बंद असताना मिळणारं हेड, 120 मीटर असेल आणि चढच 81 असेल तर 41 हर्ट्झ येईपर्यंत मोटर फिरते पण वर थेंब येत नाही. जास्तीच्या प्लेटांनी हे 41 हर्ट्झ सकाळी लवकर गाठलं जातं, ढगाळ दिवशीही पाणी पडतं. पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती हेडला किती पाणी मिळतं तो आलेख, वाचायला शिका असं म्हणतो ते याचसाठी, कॅटलॉगमधलं ते एक पान कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त शिकवतं.

बॅटरीचं विचारतात बरेच जण. एवढ्या मोठ्या पंपाला नकोच, दिवसभर शेततळं भरा आणि रात्रीचं ड्रिप छोट्या पंपावर चालवा. सुरू करताना व्हीएफडीमध्ये किमान फ्रिक्वेन्सी 41 च्या जरा वर ठेवा आणि ड्राय रनचं संरक्षण, म्हणजे पाणी नसलं की मोटर बंद करणारी सोय, चालू आहे ना ते स्वतः बघा, नाहीतर पाणी न उचलता नुसती फिरणारी सबमर्सिबल आतल्या आत तापते आणि 75 मीटरच्याही खालून ती वर काढायला मग क्रेन बोलवावी लागते.